पाचव्या चाकाची कुळकथा

अमेरिकेतल्या महामार्गांवर उन्हाळ्यात एक जोडी हमखास दिसते. पुढे पिकअप ट्रक आणि मागे चाकांवरचं लांबलचक घर. नीट पाहिलं तर ते घर ट्रकच्या मागच्या बंपरला अडकवलेलं नसतं. त्याचा पुढचा भाग वर उचललेला असतो. तो ट्रकच्या हौद्यावर येतो आणि हौद्यात बसवलेल्या एका लोखंडी बैठकीवर टेकतो. चार-पाच टनांचं घर, आत पलंग, शेगडी, फ्रिज, न्हाणीघर. आणि हे सगळं ट्रकला जिथे भेटतं ती जागा जेमतेम हातभर रुंदीची. या बैठकीला तिथे ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात, आणि तिच्यावरून त्या घरालाही तेच नाव पडलं आहे.

कोणती बैठक घ्यायची आणि ती हौद्यात कशी बसवायची, हा प्रश्न असं घर घेणाऱ्या प्रत्येकाला पडतो. दुकानात पहिला आकडा सांगितला जातो तो ओढण्याचा: ही सोळा हजार पौंड ओढते, ती वीस हजार. माझ्या मते हा आकडा दुय्यम आहे. या वस्तूचं कूळ तपासलं तर तिचा जन्म ओढण्यासाठी झालेलाच नाही हे लक्षात येतं. ती आली ओझं पेलायला, आणि पेलता पेलता खालच्या आसाला मोकळेपणी वळू द्यायला. ओढण्याचं काम तिच्याकडे फार उशिरा आलं. हा क्रम ज्याला कळला त्याची निवड सहसा चुकत नाही, म्हणून आधी कूळ आणि मग बाजार.

बैलगाडीला दोन चाकं असतात. ती वळते तेव्हा एक चाक जवळजवळ जागच्या जागी फिरतं, दुसरं मोठा फेरा घेतं आणि काम भागतं. चार चाकं लावली की अडचण सुरू होते. पुढचा आस मागच्या आसाशी कायम समांतर राहिला तर गाडी वळतच नाही, चाकं फरफटतात. युरोपातल्या गाडीवानांनी यावर काढलेला तोडगा सरळ होता. पुढचा अख्खा आस एका उभ्या खिळीभोवती फिरता ठेवायचा. घोडे ज्या बाजूला वळतील त्या बाजूला दांडी वळेल, दांडीबरोबर आस, आसाबरोबर दोन्ही चाकं. मध्ययुगाच्या उत्तरार्धापासून अशा गाड्या तिथे रुळत गेल्या.

पण एकट्या खिळीवर गाडीचा पुढचा भार तोलणं धोक्याचं होतं. खिळीचं टोक म्हणजे एक बिंदू. खड्डा आला, एका अंगाला भार आला, की वरचा सांगाडा त्या बिंदूवर डुगडुगणार, खीळ वाकणार, कधी मोडणार. म्हणून बग्गी बांधणाऱ्यांनी आसाच्या वर एक आडवं लोखंडी कडं बसवलं आणि तसंच दुसरं सांगाड्याच्या खालच्या अंगाला. दोन कडी एकमेकांवर टेकलेली, मध्ये वंगण, आणि केंद्रात खीळ. आता भार कड्यांनी घ्यायचा आणि खिळीने फक्त केंद्र धरून ठेवायचं. जात्यात खुंटा वरच्या तळीला जागेवर ठेवतो पण तिचं वजन खालची तळीच घेते, तीच ही वाटणी. हे कडं दिसायला आडव्या पडलेल्या चाकासारखं होतं, आणि गाडीला चार चाकं आधीच होती. म्हणून ते पाचवं.

या कड्यामुळे गाडीच्या बाकीच्या रूपावरही परिणाम झाला. आस वळला की आतल्या बाजूचं चाक सांगाड्याखाली येतं. त्याला जागा मिळावी म्हणून पुढची चाकं मागच्यांपेक्षा लहान केली गेली, आणि जिथे तेवढ्याने भागेना तिथे सांगाड्याचा पुढचा भाग वर उचलून वाकवला गेला. त्या काळातल्या उत्तम बग्ग्यांचा जो डौल चित्रांत दिसतो, पुढे लहान चाकं, वर उचललेली मान, त्याचं मूळ या गरजेत आहे. आजच्या ट्रेलर-घराचं नाक उंच असतं तेही खालून काहीतरी वळायचं असतं म्हणूनच. पूर्वी खालून चाक वळायचं, आता अख्खा ट्रक वळतो. त्या उंच नाकाच्या पोटात अमेरिकन कारखानदारांनी झोपण्याची खोली बसवून टाकली, ही नंतरची सोय.

मुंबईच्या व्हिक्टोरिया गाड्या ज्यांनी पाहिल्या आहेत त्यांच्या डोळ्यांखालून ही रचना गेलेली आहे. गाडीवानाच्या उंच बैठकीखाली, लहान चाकांच्या आसावर, काळ्या ग्रीसने माखलेली तबकडी असायची. २०१५ साली मुंबई उच्च न्यायालयाने या गाड्या बंद करण्याचा आदेश दिला आणि रस्त्यावर चालतं पाचवं चाक पाहण्याची मुंबईतली सर्वांत सोपी जागा गेली.

एकोणिसाव्या शतकात या तबकडीला प्रतिस्पर्धी मिळाला. १८१८ साली लंडनमध्ये रुडॉल्फ ॲकरमन यांनी एक पेटंट घेतलं. ते मूळचे जर्मन, छापील चित्रांचे नावाजलेले प्रकाशक. पेटंटामागची कल्पना म्युनिकमध्ये बग्ग्या बांधणारे गेऑर्ग लांकेनश्पेर्गर यांची. आस जागेवरच राहू द्या, त्याच्या दोन टोकांना दोन छोट्या खिळी लावा आणि प्रत्येक चाक आपापल्या खिळीभोवती वळू द्या, अशी ती युक्ती. घोडागाडीवाल्यांना तिची फारशी गरज वाटली नाही. घोडे दांडी धरून ठेवतात, आस त्यांच्या जोरावर सरळ राहतो. तबकडीचं काम बरं चाललं होतं.

मोटार आली तेव्हा चित्र पालटलं. १८८६ च्या गोटलीब डाइमलर यांच्या मोटारगाडीला घोडागाडीसारखाच फिरता आस होता. पण पुढे घोडे नाहीत, दांडी नाही. एका चाकाला दगड लागला की त्या धक्क्याला आसाच्या निम्म्या लांबीची तरफ मिळायची आणि चालकाच्या हातातून सुकाणू हिसकलं जायचं. कार्ल बेन्झ यांनी त्याच वर्षी हा प्रश्न टाळला. त्यांच्या गाडीला तीनच चाकं होती. १८९३ साली त्यांनी चारचाकी काढली ती प्रत्येक चाक स्वतंत्रपणे वळवणारी. त्या गाडीचं नाव त्यांनी ठेवलं होतं व्हिक्टोरिया.

इथे कुळाच्या दोन शाखा होतात. बग्गीची एक मधली खीळ मोटारीत दोन टोकांना विभागली गेली. आपल्याकडच्या गॅरेजात किंगपिन म्हटलं की मेकॅनिक पुढच्या चाकाच्या सांध्याकडे हात नेतो, ती ही शाखा. दुसरी शाखा म्हणजे मधोमध राहिलेली खीळ आणि तिच्याभोवतीची तबकडी. मोटारीच्या पुढच्या आसावरून ती हद्दपार झाली आणि काही वर्षांतच मागच्या आसावर परतली.

तिला परत आणलं ते एका हिशेबाने. इंजिन जेवढं वजन ओढू शकतं त्यापेक्षा खूपच कमी वजन गाडीचा सांगाडा अंगावर घेऊ शकतो. घोड्याचंही तसंच असतं, आणि पुढे ट्रेलर बनवणाऱ्या फ्रूहॉफ कंपनीने आपल्या जाहिरातींत घोड्याचाच दाखला दिला. म्हणजे माल दुसऱ्या गाड्यावर घालायचा आणि ओढायचा. पण सगळा भार मागच्या गाड्याच्या चाकांवर ठेवला तर ओढणाऱ्या गाडीची मागची चाकं हलकी राहतात, चिखलात आणि चढावर ती जागच्या जागी फिरतात. भाराचा काही भाग ओढणाऱ्याच्या मागच्या आसावर आला तर त्याच भाराने चाकं रस्ता धरतात. अर्धा गाडा स्वतःच्या चाकांवर आणि अर्धा पुढच्याच्या पाठीवर, ही कल्पना सगळ्यात मोलाची आहे.

अमेरिकेत क्लीव्हलंडचे अलेक्झांडर विंटन या वाटेवरचे पहिले प्रवासी. सायकली बनवणाऱ्या या स्कॉटिश कारागिराने मोटारी बनवायला घेतल्या आणि १८९८ साली त्या दूरच्या गिऱ्हाइकांना विकायलाही सुरुवात केली. गाडी चालवत पोहोचवली तर नवी गाडी पोहोचेपर्यंत जुनी व्हायची. म्हणून त्यांनी आपलीच एक मोटार ओढायला घेतली, मागे एक गाडा जोडला, त्याचं पुढचं टोक मोटारीच्या मागच्या अंगावर टेकवलं आणि विकलेली गाडी त्यावर चढवली.

पण जोड नीट बसवण्याचं श्रेय माझ्या मते चार्ल्स मार्टिन यांना द्यायला हवं. मॅसॅच्युसेट्समधल्या स्प्रिंगफील्ड इथे नॉक्स ऑटोमोबाइल कंपनी होती. तिच्यासाठी मार्टिन यांनी १९१० च्या आसपास तीन चाकांचा एक ओढणारा ट्रक घडवला. पुढे एकच चाक, त्यामुळे तो अरुंद गल्लीतही वळायचा. घोड्यांसाठी बांधलेले मोठे गाडे आणि अग्निशमन दलाचे बंब तेव्हा शहरांकडे भरपूर होते. ते टाकून न देता घोड्यांच्या जागी हा ट्रक जोडता यायचा. घोड्यांच्या गाड्याचा पुढचा आस काढायचा आणि ते टोक ट्रकवर टेकवायचं. बग्गीची तबकडी इथे जशीच्या तशी चालली नसती. बग्गीत तबकडीच्या वरचा आणि खालचा भाग एकाच छोट्या गाडीचे होते, रस्त्यावर एकत्र डुलायचे. इथे ट्रक चढावर असताना गाडा अजून सपाटीवर असतो. दोघांमधला कोन सतत बदलतो. सपाट कड्यावर सपाट कडं टेकवलं तर एका कडेला फट पडेल आणि दुसरी कडा चिरडेल.

मार्टिन यांनी तबकडीला आडव्या कण्यावर झुलती केली, पुढे-मागे कलणारी. म्हणून तिचं नाव ‘रॉकिंग फिफ्थ व्हील’. शिवाय त्यांनी ती ट्रकच्या सांगाड्यावर ठेवली नाही. तिला स्वतंत्र जाड पाटे दिले आणि ते थेट मागच्या आसावर उभे केले. मागच्या गाड्याचा भार पाट्यांतून आसावर आणि आसातून चाकांवर, ट्रकच्या स्वतःच्या सांगाड्याला त्याची झळ नाही. ट्रकचे सांगाडे तेव्हा आजच्याइतके भक्कम नव्हते, त्यामुळे ही काटकसर नव्हे तर आवश्यकता होती. पुढे पोलाद सुधारलं, सांगाडे मजबूत झाले आणि बैठक सांगाड्यावरच बोल्टने बसू लागली. पण तिची जागा आसाच्या डोक्यावरच राहिली.

डेट्रॉइटची गोष्ट यापेक्षा जास्त सांगितली जाते, कारण तिच्यात होडी आहे. ऑगस्ट फ्रूहॉफ हे तिथले लोहार आणि गाडे बांधणारे. १९१४ साली फ्रेडरिक सिबली नावाच्या लाकूड व्यापाऱ्याने त्यांच्याकडे आपली होडी नेण्यासाठी काहीतरी जोडून मागितलं. ओढायला फोर्ड मॉडेल टी. फ्रूहॉफ यांनी दोन चाकांचा गाडा केला, त्याचं पुढचं टोक मोटारीवर टेकवलं आणि त्याला सेमी-ट्रेलर म्हटलं, कारण पुढची निम्मी चाकं त्याला नव्हतीच. सिबली यांनी तसेच गाडे लाकूड वाहायला मागवले आणि १९१८ साली फ्रूहॉफ ट्रेलर कंपनी उभी राहिली. होडीपेक्षा लाकडाची वखार महत्त्वाची आहे. एक ट्रक आणि तीन गाडे असले तर एक गाडा भरला जात असतो, दुसरा रिकामा होत असतो आणि ट्रक तिसऱ्याला घेऊन रस्त्यावर असतो. इंजिन उभं राहत नाही.

यासाठी जोडणं आणि सोडणं झटपट व्हायला हवं. सुरुवातीला गाड्याचं तोंड जॅकने उचलायचं, ट्रक खाली सरकवायचा, भोकं जुळवायची आणि खीळ घालायची. मग तबकडीला मागच्या बाजूने इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडली गेली, खीळ गाड्याच्या तळाला पक्की झाली, आणि खाचेच्या शेवटी स्प्रिंगचे जबडे बसले. ट्रक मागे घेतला की खीळ खाचेतून घसरत जाते आणि जबडे तिच्या गळ्याभोवती आपोआप मिटतात. हा गळा दोन इंचांचा, म्हणजे ५०.८ मिलिमीटरचा. हे माप सर्वांनी मान्य केल्यामुळे कुठल्याही कंपनीचा ट्रक कुठल्याही कंपनीचा ट्रेलर उचलू शकतो. १९८९ साली सुरू झालेल्या न्हावाशेव्याच्या जवाहरलाल नेहरू बंदरातून कंटेनर घेऊन निघणाऱ्या ट्रेलरच्या पोटाखालीही हीच खीळ असते. फार अवजड कामासाठी ९० मिलिमीटरची जाड आवृत्ती वेगळी.

मालवाहतुकीतून हे पाचवं चाक घराखाली कसं आलं, याच्या मध्ये एक विमान उडवणारा माणूस आहे. ग्लेन कर्टिस न्यू यॉर्क राज्यातल्या हॅमंड्सपोर्टचे. ४ जुलै १९०८ रोजी त्यांनी ‘जून बग’ हे विमान लोकांसमोर एक किलोमीटरहून जास्त उडवून सायंटिफिक अमेरिकनचा चषक जिंकला होता. त्यांना शिकारीचा आणि रानात मुक्काम करण्याचा नाद होता. विमानं बनवून झाल्यावर, फ्लोरिडात स्थायिक झाल्यावर, त्यांनी एरोकार नावाचं चाकांवरचं घर घडवलं. विमानाच्या धडाचं तंत्र तसंच वापरून, लाकडी सांगाडा आणि ताणलेल्या तारा, म्हणजे घर हलकं आणि ताठ. हे घर मोटारीच्या मागच्या भागात टेकायचं आणि तिथे त्यांनी बसवलं होतं विमानाचं हवा भरलेलं चाक, आडवं. घराची खीळ त्याच्या मध्यभागी उतरायची. रस्त्याचा हादरा टायरमधल्या हवेत विरायचा. इतकी वर्षं नुसतं नावाचं चाक असलेली वस्तू इथे खरोखरीचं चाक झाली, रबर आणि हवेसकट. मला हा सगळ्या वंशावळीतला सर्वांत सुंदर अवतार वाटतो. कर्टिस १९३० साली वारले, एरोकार महागडीच राहिली आणि टायरची बैठक मागे पडली. आज मात्र महागड्या ट्रेलर-घरांच्या खिळीच्या पेटीत रबराचे ठोकळे किंवा हवेची फुगी बसवलेली मिळते. कर्टिस यांनी हवा ट्रकच्या बाजूला ठेवली होती, आता ती घराच्या बाजूला आली आहे.

पिकअपच्या हौद्यात बैठक बसवण्याची पद्धत साधारण १९६० आणि ७० च्या दशकांत पसरली. पिकअप शेतकऱ्यांच्या दारात आधीच होते, गुरं वाहायला हौद्यात गोळा बसवून लांब मानेचे ट्रेलर ओढण्याची सवयही होती. घर बांधणारे कारखाने इंडियाना राज्यातल्या एल्कहार्टच्या आसपास गोळा झाले आणि अजूनही तिथेच आहेत.

आता बाजार. बंपरवरचा गोळा मागच्या आसाच्या चार-पाच फूट मागे असतो. तिथे भार टेकला की आस टेकू बनतो, ट्रकची शेपूट दबते आणि पुढची चाकं हलकी होतात, म्हणजे ज्या चाकांनी दिशा द्यायची तीच सैल. बाजूने वारा आला किंवा मोठा ट्रक जवळून गेला की मागचं घर त्या चार-पाच फुटांच्या तरफेने ट्रकची शेपूट हलवतं. हौद्यातली बैठक आसाच्या वर असल्यामुळे ही तरफच उरत नाही. म्हणून मोठ्या घरांसाठी हीच योग्य. पण याची किंमत असते. बंपरच्या ट्रेलरचं १० ते १५ टक्के वजन ट्रकवर येतं; इथे १५ ते २५ टक्के येतं. ट्रकने ते अंगावर घ्यायचं असतं.

हिशेब करून पाहा. घराचं पूर्ण भरलेलं कमाल वजन १२,००० पौंड, म्हणजे सुमारे ५,४४० किलो. २० टक्के धरले तर खिळीवर २,४०० पौंड. बैठक स्वतः १८० पौंडांची. गाडीत बसणारी माणसं, सामान, कुत्रा मिळून ६०० पौंड. बेरीज ३,१८० पौंड, जवळजवळ १,४४० किलो. आता ट्रकच्या चालकाच्या दाराच्या चौकटीवरचं पिवळं लेबल वाचा. त्यावर माणसं आणि माल मिळून किती वजन चालेल ते त्या एका ट्रकसाठी छापलेलं असतं. समजा तिथे २,८०० आहे. हा ट्रक जाहिरातीत १५,००० पौंड ओढतो असं म्हटलेलं असेल आणि ते खरंही असेल, तरी हे घर त्याला झेपणार नाही. ओढण्याची ताकद शिल्लक असताना पेलण्याची संपते. डिझेल इंजिनाचा ट्रक जास्त ओढतो, पण ते इंजिन जड असल्यामुळे पेलण्याचा वाटा त्यातूनच कापला जातो. हे समजून न घेता मोठं इंजिन घेणारे पुष्कळ असतात आणि त्यांचे मागचे टायर त्याची किंमत मोजतात. बैठक विकत घेण्याआधी हे गणित सुटलं पाहिजे, कारण बैठक कितीही दणकट घेतली तरी ट्रकचा आकडा वाढत नाही.

मग हौद्याची लांबी. घर साडेआठ फूट रुंद, म्हणजे १०२ इंच. त्याचा निम्मा भाग ५१ इंच. काटकोनात वळताना घराचा पुढचा कोपरा खिळीपासून निदान तेवढ्या अंतरावरून फिरतो. आठ फुटी हौद्यात खिळीपासून केबिनच्या मागच्या काचेपर्यंत तेवढी जागा निघते. साडेसहा फुटी हौद्यात बहुधा निघत नाही, साडेपाच फुटीत नाहीच. काच फुटणं हा इथला ठरलेला अपघात आहे. त्यावर उपाय सरकती बैठक: तरफ ओढायची, ट्रेलरचे ब्रेक लावायचे, ट्रक पुढे घ्यायचा, बैठक दहा-बारा इंच मागे सरकून अडकते, मग हळू वळायचं, आणि रस्त्याला लागण्याआधी पुन्हा पुढे आणायची. मागे सरकलेल्या अवस्थेत खीळ आसाच्या मागे गेलेली असते, म्हणून त्या अवस्थेत वेग घ्यायचा नाही. वळताना आपोआप सरकणाऱ्या बैठकाही आहेत. महाग आणि जड असतात, पण घाईत तरफ विसरणाऱ्यांसाठी पैसे वसूल.

बैठकीच्या डोक्याची, म्हणजे खीळ धरणाऱ्या वरच्या भागाची, निवड करताना दोन गोष्टी पाहाव्यात. एक, खीळ कशी धरली जाते. स्वस्त बैठकीत एक आडवी पट्टी मागून सरकते आणि खीळ अडकते. धातूचा स्पर्श थोडा, त्यामुळे गाडी थांबता-निघताना ठक ठक होत राहतं. दोन्ही बाजूंनी गळ्याला वेढा घालणारे जबडे चांगले. दुसरं, डोकं कुठे कुठे कलतं. मालवाहू ट्रकच्या बैठका मार्टिन यांच्यासारख्या फक्त पुढे-मागे झुलतात. उंच भरलेला माल बाजूला कलू नये म्हणून आडवी झुलण तिथे नको असते. पिकअपच्या बैठकीला ती हवी, कारण मुक्कामाची जागा क्वचितच सपाट असते आणि तिरक्या जमिनीवर खीळ खाचेत घालायची म्हणजे डोक्याने थोडं बाजूलाही वळलं पाहिजे.

बसवण्याच्या तीन रीती आहेत. जुनी आणि स्वस्त रीत म्हणजे हौद्याच्या तळावर दोन आडव्या पट्ट्या बोल्टने बसवायच्या. दुसऱ्या रीतीत कारखान्यातूनच हौद्याखाली आडवा सांगाडा येतो आणि तळाला चार गोल खोबणी असतात. बैठकीचे पाय त्यांत घालून फिरवले की अडकतात. गेल्या दशक-दीड दशकात मोठ्या पिकअपना ही सोय सर्रास मिळते आणि नवा ट्रक घेताना ती मागून घ्यावी असं मी म्हणेन, नंतर भोकं पाडण्यापेक्षा ती कितीतरी बरी. तिसरी, गुरांच्या ट्रेलरसाठी हौद्याच्या मध्यभागी गोळ्याचं भोक असेल तर त्यातच खांब उतरवून बैठक उभी करायची.

पट्ट्या बसवायच्या असतील तर वेळ काढून बसवाव्यात. हौद्याचा तळ म्हणजे पातळ पन्हळी पत्रा. ओझं त्याच्यावर द्यायचंच नाही. बोल्ट पत्र्यातून आरपार जाऊन खाली चेसिसला बसवलेल्या कंसांना भिडले पाहिजेत. पन्हळीच्या खोलगट भागात, पट्टी आणि पत्रा यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालतात, नाहीतर बोल्ट आवळताना पत्रा चेपतो आणि काही दिवसांनी बोल्ट सैल पडतो. मध्य काढायला ओळंबा सोडावा. मागच्या चाकाच्या मध्यावरून रेघ हौद्याच्या कडेवर आणायची, दोन्ही बाजूंच्या रेघा दोरीने जोडायच्या, ती आसाची रेघ. खिळीचा मध्य त्या रेघेवर किंवा तिच्या दोन-चार इंच पुढे यावा, मागे कधीही नाही. ट्रकनुसार नेमकं अंतर बनवणाऱ्याच्या कागदात दिलेलं असतं आणि तेच मानावं. ड्रिल चालवण्याआधी ट्रकखाली जाऊन इंधनाची नळी, ब्रेकच्या नळ्या आणि वायरी कुठून जातात ते डोळ्यांनी पाहावं. भोकांच्या कडांना रंग लावावा, लोखंडाचा कीस पुसून काढावा, नाहीतर पहिल्या पावसात गंजाचे ओघळ येतात. बोल्ट टॉर्कच्या पान्याने सांगितलेल्या मापाला आवळावेत. पहिल्या प्रवासानंतर पुन्हा.

उंची राहिली. घर जमिनीला समांतर उभं राहावं, आणि हौद्याच्या कठड्यापासून घराच्या तळापर्यंत निदान साडेपाच-सहा इंच मोकळे असावेत. आजचे पिकअप उंच होत गेल्यामुळे या दोन अटी एकमेकींशी भांडतात. घर थोडं नाक वर करून चालवावं लागलं तर त्याच्या दोन आसांवरचा भार असमान होतो. अशा वेळी मोकळी जागा आधी आणि सपाटी नंतर, असा क्रम ठेवावा. खड्ड्यात कठडा घराच्या तळाला लागला तर दोन्हींचं नुकसान.

जोडताना फाळका खाली पाडावा, डोक्याची खाच मागे कललेली ठेवावी आणि घराचं नाक इतकं खाली असावं की खिळीभोवतीची प्लेट बैठकीवर चढताना किंचित उचलली जाईल. नाक उंच राहिलं तर खीळ जबड्यांच्या वर जाऊन बसते, दुरून सगळं जोडलेलं वाटतं आणि पहिल्याच धक्क्याला घर हौद्याच्या कठड्यांवर कोसळतं. म्हणून जबडे मिटल्याचं बॅटरी मारून पाहायचं, कुलूप लावायचं, ट्रेलर सुटला तर ब्रेक लावणारी तार आणि सात खुंट्यांची वायर जोडायची. मग घराला टेकू देणारे पुढचे पाय जमिनीवर असतानाच ट्रेलरचे ब्रेक लावून ट्रक हळूच पुढे खेचून पाहायचा. पाय वर घ्यायचे ते त्यानंतर.

आणि पहिल्या मोठ्या प्रवासाआधी वजनकाट्यावर जावं. अमेरिकेत मालवाहू ट्रक थांबतात त्या बहुतेक मोठ्या तळांवर तो असतो. आधी ट्रक एकटा, माणसं आणि सामानासकट, मग घर जोडून. पावतीवर ट्रकचा पुढचा आस, मागचा आस आणि घराचे आस वेगवेगळे छापून येतात. दोन पावत्या शेजारी ठेवल्या की ट्रकच्या दोन आसांवर वाढलेलं वजन म्हणजे खिळीवरचा खरा भार, अंदाजाचे टक्के नव्हेत. मागच्या आसाचा आकडा त्याच्या मर्यादेत आहे का आणि पुढच्या आसाचा आकडा कमी तर झालेला नाही ना, हे तिथे लगेच दिसतं. पुढचा आकडा घटला असेल तर खीळ आसाच्या मागे बसली आहे. पट्ट्या उचलून पुन्हा बसवाव्यात. तोच राहिला किंवा थोडा वाढला असेल तर बैठक जागेवर आहे.